ठाणे-नवी मुंबईत मुलाचं दिव्यांग प्रमाणपत्र: यूडीआयडी सेवा कितपत कामाची?

मूल तीन वर्षांचं झालं, अजून दोन शब्द जोडून बोलत नाही, चालायलाही उशिराच लागलं. बालरोगतज्ज्ञ कागदावर 'जीडीडी' (वाढीतला विलंब) लिहितात आणि थेरपी सेंटरवाल्या ताई सांगतात, "यूडीआयडी काढून घ्या." यूडीआयडी म्हणजे दिव्यांगांचं देशभर चालणारं सरकारी ओळखपत्र. त्यानंतर बहुतेक पालक पहिलं काम करतात ते मोबाइलवर पोर्टल उघडण्याचं. आमच्या मते ही सुरुवात चुकीच्या टोकाकडून होते. पोर्टल हा या सेवेतला सगळ्यात सोपा टप्पा. मुलाच्या हाती शेवटी काय पडणार हे ठरतं सायकॉलॉजिस्टसमोरच्या अर्ध्या-पाऊण तासात, आणि टक्केवारी चुकण्याची सर्वांत जास्त शक्यताही तिथेच असते. म्हणून या परीक्षणात पोर्टलला थोडी आणि मूल्यांकनाला भरपूर जागा दिली आहे.

सेवा नेमकी काय देते ते आधी पाहू. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम २०१६ मध्ये दिव्यांगत्वाचे २१ प्रकार आहेत आणि बहुतेक सवलतींची रेष ४० टक्क्यांवर आखलेली आहे. १ जून २०२१ पासून प्रमाणपत्र फक्त केंद्राच्या स्वावलंबन पोर्टलवरून मिळतं. एकाच अर्जावर दोन गोष्टी हाती येतात, प्रमाणपत्र आणि १८ अंकी क्रमांकाचं यूडीआयडी कार्ड. २०२४ च्या नियमदुरुस्तीनंतर कार्डाच्या पट्ट्याचा रंग टक्केवारी सांगतो: ४० च्या खाली पांढरा, ४० ते ८० च्या आत पिवळा, ८० आणि त्यावर निळा. देशभर एकच कार्ड चालतं, त्यामुळे उद्या बदली होऊन नाशिकला किंवा हैदराबादला गेलात तरी पुन्हा पहिल्यापासून सुरुवात नाही. ही या सेवेची सगळ्यात जमेची बाजू. अर्जाला एक रुपयाही लागत नाही. रुग्णालयाच्या फाटकाबाहेर 'सर्टिफिकेट करून देतो' म्हणणारे भेटतात. ते फक्त तोच मोफत फॉर्म भरून देतात, टक्के ठरवणं त्यांच्या हातात नसतं.

आता विकासविलंबाचा खास नियम. पाच वर्षांच्या आतल्या मुलाचा बुद्ध्यंक पक्का सांगता येत नाही, म्हणून वाढीच्या दोन किंवा अधिक अंगांत (हालचाल, भाषा, समज, सामाजिक वागणूक, रोजची कामं) मूल ठळकपणे मागे असेल तर 'ग्लोबल डेव्हलपमेंटल डिले' म्हणजे जीडीडी असं निदान होतं आणि प्रमाणपत्र बौद्धिक अक्षमता या प्रकारात निघतं. त्यासाठी मुलाला एक वर्ष पूर्ण झालेलं असावं लागतं. हे प्रमाणपत्र तात्पुरतं असतं. जास्तीत जास्त तीन वर्षं किंवा मूल पाच वर्षांचं होईपर्यंत, यांतलं जे आधी येईल तोवरच ते चालतं. पुढे पाचव्या, दहाव्या आणि अठराव्या वर्षी फेरतपासणी. अठराव्या वर्षी मिळालेलं मात्र आयुष्यभराचं.

या नियमाचा हिशेब नीट समजून घ्या. मूल दीड वर्षाचं असताना काढलेलं प्रमाणपत्र साडेचारपर्यंत चालेल. तीन वर्षांचं असताना काढलं तर दोनच वर्षं. साडेचाराव्या वर्षी काढलं तर सहा महिन्यांत पुन्हा रांगेत. त्यामुळे मूल साडेचारच्या पुढे गेलं असेल आणि याच वर्षी शाळाप्रवेश किंवा करसवलत अडलेली नसेल, तर पाच पूर्ण झाल्यावरच अर्ज करणं शहाणपणाचं. त्या वयात चाचणीही जास्त भरवशाची होते आणि कागद दहाव्या वर्षापर्यंत टिकतो.

मात्र प्रमाणपत्राची वाट पाहत थेरपी थांबवू नका. ही गल्लत आम्हाला फार वेळा दिसते आणि तिची किंमत मूल मोजतं. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ पासून चालू आहे. त्याखालचं जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्र, म्हणजे रुग्णालयात सगळे ज्याला 'डीईआयसी' म्हणतात ते, जिल्हा रुग्णालयाशी जोडलेलं असतं. तिथे फिजिओ, स्पीच, दृष्टी-श्रवण तपासणी यांसाठी दिव्यांग प्रमाणपत्र लागत नाही. अंगणवाडी किंवा शाळेच्या आरोग्य तपासणी पथकाकडून चिठ्ठी घ्या, नाहीतर थेट बालरोग ओपीडीत केसपेपर काढा. नवी मुंबई महापालिकेचं वाशीतलं ईटीसी केंद्र दिव्यांग मुलांच्या शिक्षण-प्रशिक्षणाचं काम करतं, आणि एखाद्या महापालिकेनं स्वतः उभं केलेलं असं केंद्र महाराष्ट्रात सहसा पाहायला मिळत नाही. खारघरला राष्ट्रीय बौद्धिक दिव्यांगजन सशक्तीकरण संस्थेचं (लोक 'निपिड' म्हणतात) प्रादेशिक केंद्र आहे. मूल्यांकन आणि विशेष शिक्षणाचं मार्गदर्शन यासाठी पनवेल-बेलापूर पट्ट्यातल्या पालकांनी पहिली चक्कर तिथे मारावी असं आमचं स्पष्ट मत आहे.

सायकॉलॉजिस्टच्या खोलीत काय होतं

लहान मुलांच्या बौद्धिक अक्षमतेची टक्केवारी मुख्यतः व्हाइनलँड सोशल मॅच्युरिटी स्केलवर, म्हणजे 'व्हीएसएमएस'वर ठरते. भारतात वापरली जाणारी आवृत्ती मानसशास्त्रज्ञ मालिन यांनी बेतलेली. तीत ८९ बाबी असतात. खाणं, कपडे, स्वतःची इतर कामं, चालणं-फिरणं, बोलणं, खेळणं-वागणं, हाताचं काम, स्वतःचं स्वतः ठरवणं, असे तिचे भाग. बरेच प्रश्न मुलाला नव्हे, आईवडिलांना विचारले जातात. उत्तरांवरून मुलाचं 'सामाजिक वय' निघतं. त्याला खऱ्या वयानं भागून शंभरानं गुणलं की सामाजिक गुणांक, म्हणजे एसक्यू. आणि एसक्यूवरून टक्के, ठरलेल्या पायऱ्यांनी: ७० ते ८४ असेल तर २५ टक्के, ५५ ते ६९ असेल तर ५०, ३६ ते ५४ असेल तर ७५, २१ ते ३५ असेल तर ९० आणि २० किंवा खाली असेल तर १००.

ही पायरी-पायरीची रचना पालकांना माहीत नसते, म्हणून एक उदाहरण. मूल बरोबर चार वर्षांचं आहे. उत्तरांवरून सामाजिक वय तीन वर्षं निघालं तर एसक्यू ७५, म्हणजे २५ टक्के. प्रमाणपत्र मिळेल, पण बहुतेक सवलती दाराबाहेरच राहतील. तेच वय अडीच वर्षं निघालं तर एसक्यू ६२, म्हणजे ५० टक्के. दोन वर्षं निघालं तर एसक्यू ५०, म्हणजे ७५ टक्के. सामाजिक वयातला सहा महिन्यांचा फरक एवढी मोठी उडी मारतो, आणि तो फरक चार-पाच प्रश्नांच्या उत्तरांतून पडू शकतो.

मग उत्तरं कुठे चुकतात? 'येतं का?' या प्रश्नाला आई 'हो, येतं' म्हणते तिथे. सायकॉलॉजिस्टला जाणून घ्यायचं असतं की मूल रोज, कुणी न सांगता, मदतीशिवाय ते करतं का. 'स्वतःच्या हातानं जेवतो का?' याचं प्रामाणिक उत्तर असं असू शकतं: वरणभात कालवून पुढे ठेवला तर चमच्यानं चार घास घेतो, निम्मा खाली सांडतो, नंतर भरवावं लागतं, पोळीचा तुकडा मोडता येत नाही. 'शू सांगतो का?' याचं उत्तर: दिवसा सांगतो, पण चड्डी खाली करायला आणि धुवायला आम्हीच लागतो, रात्री डायपर. 'शर्ट घालतो का?' बाह्या घालून दिल्या तर हात घालतो, बटण एकही लागत नाही. असं उत्तर मिळालं की सायकॉलॉजिस्टला पूर्ण, अर्धा की शून्य गुण द्यायचे ते कळतं. नुसत्या 'हो' वर पूर्ण गुण पडतात आणि मूल कागदावर आहे त्यापेक्षा मोठं दिसतं.

उलट प्रकारही होतो. जास्त टक्के मिळावेत म्हणून सगळ्यालाच 'नाही' म्हणणारे पालक असतात. ते चालत नाही, आणि का चालत नाही तेही पाहा. आईच्या 'नाही'नंतर मूल समोरच बाटलीचं झाकण उघडून पाणी पितं आणि मग एकाही उत्तरावर विश्वास उरत नाही. शिवाय नको तेवढी वाढवलेली टक्केवारी पुढे शाळेत आडवी येते, कारण त्या कागदावरूनच मुलाला नेहमीच्या वर्गात घ्यायचं की नाही यावर घासाघीस सुरू होते.

उपाय साधा आहे. भेटीआधी दोन आठवडे एक वही ठेवा. जेवण, शू-शी, कपडे, आंघोळ, बोलणं, इतर मुलांत मिसळणं, धोका ओळखणं (गॅस, गॅलरी, रस्ता) या प्रत्येकाखाली लिहा: स्वतः काय केलं, कुठे मदत लागली, किती वेळा सांगावं लागलं. मूल दिवसभर आजीकडे किंवा पाळणाघरात असेल तर ती वही त्यांच्याकडूनही भरून घ्या. नोकरी करणाऱ्या आईवडिलांपेक्षा त्यांनाच खरं माहीत असतं, आणि शक्य असेल तर आजीलाच सोबत घेऊन जा. वही पाहून उत्तरं देताना कुणाला संकोच वाटायचं कारण नाही. अशा पालकांचं काम लवकर होतं, हे सायकॉलॉजिस्टही मान्य करतात.

मुलाचं वय महिन्यांपर्यंत अचूक सांगा. अपुऱ्या दिवसांचं मूल दोन वर्षांच्या आत असेल तर 'किती आठवड्यांचा जन्म' हे डिस्चार्ज कार्डासह दाखवा, कारण त्या वयात वय दुरुस्त करून वाढ पाहिली जाते. मूल झोपेत, तापात किंवा उपाशी असेल तर चाचणीत काही अर्थ राहत नाही. सकाळी आठ-साडेआठला घोडबंदरवरून निघून दहाला पोहोचलेलं, गाडीत पेंगलेलं मूल खोलीत शिरल्याबरोबर किंचाळायला लागतं. अशा वेळी पुढची तारीख मागणं हा पालकांचा हक्क आहे, तो वापरा.

पाच वर्षांपुढे बुद्ध्यंकाची चाचणीही (बिने-कामत किंवा मालिनची मुलांसाठीची चाचणी) सोबत होते. मूल ऑटिझमच्या निकषांत बसत असेल तर वेगळी मोजपट्टी लागते, इंडियन स्केल फॉर असेसमेंट ऑफ ऑटिझम, सगळे तिला 'इसा' म्हणतात. ४० बाबी, प्रत्येकीला १ ते ५ गुण. एकूण ७० ते १०६ सौम्य, १०७ ते १५३ मध्यम, त्यापुढे तीव्र. ७० गुणांना ४० टक्के धरतात.

इथे एक गोष्ट सुटून जाते. मुलाला दोन्ही असेल, बौद्धिक अक्षमता आणि ऑटिझम किंवा सेरेब्रल पाल्सी (मेंदूतल्या इजेमुळे हालचालींवर होणारा परिणाम), तर दोन्ही टक्के एका सूत्रानं एकत्र होतात. मोठी टक्केवारी तशीच ठेवायची आणि तिच्यात लहान टक्केवारी गुणिले (९० वजा मोठी) भागिले ९० मिळवायचं. ७५ आणि ४० असतील तर ७५ अधिक ६.७, म्हणजे साधारण ८२. मूल ८० च्या पुढे गेलं, कार्ड निळं झालं आणि आयकराची सवलतही वाढली. बालरोगतज्ज्ञांच्या कागदावर दोन निदानं असतील तर अर्जातही दोन्ही प्रकार भरा. एकच भरला तर बोर्ड, म्हणजे टक्के ठरवणारं सरकारी रुग्णालयातलं डॉक्टरांचं मंडळ, एकच मोजतं. नंतर बदल करायला सगळी फेरी पुन्हा करावी लागते.

न बोलणाऱ्या मुलाची श्रवण चाचणी (बेरा) आधीच झालेली असावी. ऐकू येत नसल्यामुळे बोलत नाही की विकासविलंबामुळे, हे ठरल्याशिवाय बोर्ड पुढे जात नाही आणि तीच चाचणी करून आणा म्हणून पालक परत जातात. जवळपास सोय नसेल तर वांद्र्याची अली यावर जंग संस्था श्रवणदोषांसाठीच आहे. खासगी सायकॉलॉजिस्टचा अहवाल न्यायचा असेल तर भारतीय पुनर्वास परिषदेचा नोंदणी क्रमांक, चाचण्यांची नावं, तारीख आणि एसक्यूचा आकडा त्यावर आहे ना ते पाहा. 'माइल्ड डिले नोटेड' एवढंच लिहिलेलं पान काही उपयोगाचं नाही. आणि खासगी अहवाल कितीही चांगला असला तरी तो आधार म्हणूनच धरतात, प्रमाणपत्र सरकारी बोर्डच देतं.

जिल्हा कुठला, रुग्णालय कुठलं

ठाणे आणि नवी मुंबईत सगळ्यात जास्त अर्ज इथेच अडखळतात. ऐरोली, घणसोली, कोपरखैरणे, वाशी, नेरुळ, बेलापूर ठाणे जिल्ह्यात आहेत. खारघर, कामोठे, कळंबोली, पनवेल पत्त्यात 'नवी मुंबई' लिहीत असले तरी रायगड जिल्ह्यात येतात. पोर्टल आधी जिल्हा विचारतं आणि त्यावरून रुग्णालयांची यादी दाखवतं. खारघरच्या पालकांनी ठाणे निवडलं की आधारवरचा पत्ता जुळत नाही आणि अर्ज परत येतो. रायगडचं जिल्हा रुग्णालय अलिबागला. पनवेलला उपजिल्हा रुग्णालय आहे, पण लहान मुलाच्या बौद्धिक प्रकाराचं मूल्यांकन तिथे होतं की अलिबागलाच जावं लागेल, हे अर्ज भरण्याआधी तिथल्या दिव्यांग कक्षात जाऊन विचारा.

भाड्यानं राहणाऱ्यांचं आधार बहुधा गावच्या पत्त्यावर असतं, सातारा, जळगाव, रत्नागिरी. त्यांना गावाला जायची गरज नाही. नियमात दोन मार्ग आहेत: राहण्याच्या पुराव्यावरचा जिल्हा, किंवा जिथे या दिव्यांगत्वासाठी उपचार चालू आहेत ते सरकारी रुग्णालय. म्हणून ठाण्यातल्या सरकारी बालरोग ओपीडीत आधी केसपेपर काढून एक-दोन भेटी नोंदवा आणि मग तो उपचाराचा पुरावा म्हणून जोडा.

ठाण्यातलं जुनं सिव्हिल म्हणजे विठ्ठल सायन्ना सामान्य रुग्णालय. टेंभीनाक्याजवळच्या जुन्या जागेवर नवं सुपरस्पेशालिटी रुग्णालय बांधायला घेतल्यावर तिथल्या सेवा मनोरुग्णालयाच्या आवारात हलल्या. पोर्टलच्या मेसेजमध्ये रुग्णालयाचं नाव असतं, इमारत नसते. निघण्याआधी फोन करा, म्हणजे मुलाला कडेवर घेऊन दोन ठिकाणी फिरावं लागणार नाही.

पोर्टलवर

पोर्टलला आम्ही पाचपैकी साडेतीन देऊ. मराठी-इंग्रजी दोन्ही नावं भरायची असतात, अर्जाची स्थिती घरबसल्या दिसते, प्रमाणपत्र पीडीएफमध्ये उतरवता येतं. अडचणी ठरलेल्या आहेत. जन्मदाखल्यावर 'आरव सचिन पाटील' आणि बालआधारवर नुसतं 'आरव' असलं की अर्ज पडताळणीत अडकतो. आधी आधार दुरुस्त करा, मगच अर्ज. मुलाच्या आधारला जोडलेला मोबाइल बंद पडलेला असेल तर ओटीपी येतच नाही. फोटो आणि कागद पोर्टलवर लिहिलेल्या आकारात बसवा. मोबाइलवर काढलेला अंधुक फोटो, ज्यात मागे आईचा हात दिसतो, तो बाद होतो. पांढऱ्या चादरीवर झोपवून वरून काढलेला फोटो लहान मुलांचा बरा येतो. सहीच्या जागी मुलाच्या अंगठ्याचा ठसा चालतो.

नियमानं अर्जापासून तीन महिन्यांत प्रमाणपत्र यायला हवं. बोर्डासमोर गेलाच नाहीत तर दोन वर्षांनी अर्ज निष्क्रिय होतो. बोर्डाचा दिवस आठवड्यातून ठरलेला असतो आणि रुग्णालयानुसार वेगळा. मूळ कागदांसोबत झेरॉक्सचे दोन संच न्या: आधार, जन्मदाखला, राहण्याचा पुरावा, सगळे केसपेपर, बेरा, एमआरआय किंवा ईईजी झालं असेल तर ते, थेरपी सेंटरचा प्रगती अहवाल. कागद तारखेप्रमाणे लावलेले असले की डॉक्टरांना दोन मिनिटांत चित्र दिसतं. गर्दीत न थांबू शकणाऱ्या मुलासाठी आधी आत घ्यायची विनंती खिडकीवर करा. बहुतेक ठिकाणी ऐकतात.

कार्ड हाती आल्यावर

सगळ्या सवलती सारख्या मोलाच्या नाहीत. नोकरदार घराला सर्वांत लवकर मिळणारी आणि सर्वांत कमी माहीत असलेली म्हणजे व्यवसाय कर. महाराष्ट्रात पगारातून वर्षाला २,५०० रुपये कापले जातात, आणि बौद्धिक अक्षमता असलेल्या मुलाच्या पालकांना व्यवसाय कर कायद्याच्या कलम २७अ खाली त्यातून सूट आहे. कंपनीच्या पगार विभागाला प्रमाणपत्राची प्रत आणि एक साधा अर्ज द्यायचा. पगार विभागाला हे कलम सहसा ठाऊक नसतं, म्हणून कलम क्रमांक लिहूनच द्या.

आयकरात जुनी करप्रणाली निवडलेल्यांना आजवर कलम ८०डीडी म्हणून ओळखलेली वजावट मिळते: ४० टक्के आणि वर असेल तर ७५,००० रुपये, ८० टक्के आणि वर असेल तर १,२५,०००. खर्चाची बिलं जमवून तेवढाच आकडा दाखवायचा नसतो, वजावट ठरीव आहे. ऑटिझम, सेरेब्रल पाल्सी आणि बहुविकलांगता असेल तर यूडीआयडीच्या जोडीला आयकराचा स्वतंत्र वैद्यकीय फॉर्म (आजवरचा १०-आयए) भरून घ्यावा लागतो. नवी करप्रणाली घेतलेल्यांना ही वजावट नाही, म्हणून आईवडील दोघे कमावते असतील तर कोणी कुठली प्रणाली घ्यायची याचा हिशेब बसून करा. तात्पुरत्या प्रमाणपत्राची मुदत ज्या आर्थिक वर्षात संपते त्या वर्षापर्यंतच वजावट, पुढच्या वर्षाला नवा कागद लागतो.

निरामय ही आरोग्य विमा योजना नॅशनल ट्रस्ट या केंद्र सरकारच्या संस्थेची. बौद्धिक अक्षमता, ऑटिझम, सेरेब्रल पाल्सी आणि बहुविकलांगता यांसाठी वर्षाला १ लाखापर्यंत, काही शे रुपयांच्या हप्त्यात, आणि आधी वैद्यकीय तपासणीही नाही. ओपीडी आणि थेरपीचा खर्चही यात बसतो, हेच तिचं खरं मोल. खासगी विमा कंपन्या जिथे तोंड फिरवतात तिथे ही योजना उभी राहते. पैसे आधी भरून मग परत मागायचे असतात, त्यामुळे थेरपी सेंटरकडून दर महिन्याचं तारीखवार, सही-शिक्क्याचं बिल घ्या. कच्च्या पावतीवर दावा मंजूर होत नाही.

शाळेसाठी: आरटीईच्या, म्हणजे शिक्षण हक्क कायद्याच्या, २५ टक्के राखीव प्रवेशात ४० टक्के दिव्यांगत्व असलेलं मूल वंचित घटकात येतं आणि त्याला उत्पन्नाची अट नाही. महिना लाखभर कमावणाऱ्या घरातलं मूलही बसतं. सहा ते अठरा वयापर्यंत मोफत शिक्षणाचा हक्क २०१६ च्या कायद्याच्या कलम ३१ मध्ये आहे. शाळा 'आमच्याकडे सोय नाही' म्हणून तोंडी नकार देते तेव्हा नकार लेखी मागा.

संजय गांधी निराधार योजनेत दिव्यांग लाभार्थ्यांचं महिन्याचं अनुदान २०२५ मध्ये १,५०० वरून २,५०० झालं. पण कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न ५०,००० च्या आत आणि राज्यात १५ वर्षं वास्तव्य या अटींमुळे ठाण्यातली बहुतेक घरं बाहेर पडतात. ज्या शहरात एका खोलीचं भाडंच वर्षाला त्याहून जास्त होतं तिथे ही मर्यादा अन्यायाची आहे, आणि ती वाढली पाहिजे. बसत असाल तर तहसील कार्यालयात अर्ज करा. महापालिकांनी आपल्या निधीतला ५ टक्के हिस्सा दिव्यांगांवर खर्च करायचा असतो. त्यातल्या शिष्यवृत्त्या आणि मदतीचे अर्ज ठरावीक महिन्यांतच घेतात, म्हणून समाज विकास विभागात वर्षातून दोनदा तरी डोकावा.

एसटीत ४० टक्क्यांपुढे तिकिटात ७५ टक्के सूट, ६५ टक्क्यांपुढे सोबतच्या माणसाला ५० टक्के. रेल्वेला वेगळं सवलत प्रमाणपत्र लागतं, त्याच्या नमुन्यावर सरकारी डॉक्टरांची सही. बोर्डाच्या दिवशीच तो नमुना सोबत न्या, म्हणजे वेगळी चक्कर नको. 'सोबतीशिवाय प्रवास करू शकत नाही' या प्रकारात मूल आणि सोबती दोघांना स्लीपर आणि थर्ड एसीत ७५ टक्के सूट आहे. गावाला वर्षातून दोनदा जाणाऱ्यांचे चांगले पैसे वाचतात.

टक्केवारी पटली नाही तर निर्णयापासून ९० दिवसांत अपील करता येतं. नुसतं 'कमी दिले' लिहून उपयोग नाही. कुठल्या चाचणीत किती एसक्यू आला, दुसऱ्या तज्ज्ञाच्या चाचणीत किती, यातला फरक दाखवा आणि ती वही जोडा. 'शून्य टक्के' किंवा २५ टक्के आले आणि मूल चारच्या आत असेल, तर अपिलापेक्षा सहा महिने थेरपी करून पुन्हा चाचणी घेणं आम्हाला जास्त योग्य वाटतं. काही मुलं या काळात खरोखरच पुढे येतात, आणि मग कागदाची गरज उरत नाही.

नूतनीकरणासाठी मुदत संपायची वाट पाहू नका. तीन महिने आधी, जुन्या क्रमांकानं लॉगिन करून, नूतनीकरणाचाच पर्याय निवडा. नवीन अर्ज भरलात तर आधार आधीच वापरलेलं म्हणून तो फेटाळला जातो. पाचव्या वर्षी बालआधारवर बोटांचे ठसे आणि बुबुळांचं स्कॅनही करून घ्यावं लागतं. ते आधी उरका, आधार केंद्राची पावती जपून ठेवा आणि मगच बोर्डाची तारीख घ्या.